मों ब्लांची प्रदक्षिणा: बारा रात्रींची जुळवाजुळव

"देव उजव्या हाताला हवा," माई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या आणि पहिल्याच संध्याकाळी आमचं गाडं अडलं.

माई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय 58, राहायला इथेच, बडोद्याच्या दांडिया बाजारात. दर चैत्रात तिलकवाड्याची उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा चुकवत नाहीत. मी 51 वर्षांची. आम्हा दोघींना जायचं होतं आल्प्समध्ये, मों ब्लां या डोंगराभोवतीच्या वाटेवर. अंतर साधारण 170 किलोमीटर. वाटेत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश. आणि चढ सगळे मिळून 10,000 मीटरच्या घरात.

रूढ पद्धत अशी की फ्रान्समधल्या लेझूश गावातून निघायचं आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरायचं. म्हणजे डोंगर सतत डावीकडे. माईंना ते काही केल्या पटेना. म्हणून मी दोन संध्याकाळी सुलट्या प्रदक्षिणेचा हिशोब मांडला. तसं गेलं तर पहिल्याच दिवशी ब्रेवां शिखरापर्यंत दीड हजार मीटरचा चढ पडतो. शिवाय त्रे-ले-शां या वस्तीच्या वरच्या कड्याला लोखंडी शिड्या ठोकल्या आहेत, त्या चढण्याऐवजी उतराव्या लागतात. माईंचा उजवा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना कुरकुरतो. शिड्यांचे फोटो दाखवल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डावीकडून तर डावीकडून. दर्शन तर सगळ्या बाजूंनी होतंय ना?"

वाटेवर मुक्कामाला 'रेफ्युज' असतात, इटलीत त्यांनाच 'रिफ्युजिओ' म्हणतात. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखीच रीत: दारात बूट काढायचे, एका खोलीत आठ-दहा माणसांनी निजायचं, रात्री सगळ्यांनी एका टेबलाशी ठरल्या वेळी जेवायचं. हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, त्यामुळे खाटा मोजक्या आणि माणसं अफाट. आम्ही ऑक्टोबरमध्येच पुढच्या जुलैचं बुकिंग सुरू केलं. जुलैचा दुसरा आठवडा अशासाठी की त्याआधी वरच्या खिंडींत बर्फ असू शकतो.

इथे माझी चूक झाली. मी पहिल्या रात्रीपासून ओळीने बुकिंग करत सुटले. चार रात्री झाल्या आणि पाचवीला, इटलीतल्या फेरे खोऱ्यात, जागाच नाही. एक दिवस पुढे सरकावं तर आधीच्या चारही तारखा मोडतात. सगळं रद्द करून पुन्हा बसले. आखीव कागदावर बारा रकाने पाडले आणि या वेळी सुरुवात केली ती मिळायला सर्वांत अवघड खाटेपासून. आमच्या वाटेवर ती होती इटलीतल्या एलिसाबेत्ता या रिफ्युजिओची. सेन्य खिंड ओलांडल्यावर आजूबाजूला फारसा दुसरा आसरा नाही. तिथली तारीख पक्की केली आणि तिच्या मागे-पुढे बाकीच्या रात्री ओवल्या. कोणाला जायचं असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा, पेन्सिल आधी त्या रकान्यात टेकवायची.

फेरे खोऱ्याचा रकाना तरीही रिकामाच. उत्तर सापडलं बसच्या वेळापत्रकात. उन्हाळ्यात इटलीतल्या कूरमायोर गावाहून खोऱ्यात आर्नूवापर्यंत बस जाते. तेव्हा कूरमायोरलाच दोन रात्री राहायचं. दिवसा बेर्तोने, बोनात्ती हे रिफ्युजिओ करत आर्नूवाला उतरायचं, बसने परत यायचं, आणि सकाळी पहिल्या बसने आर्नूवा गाठून 2,537 मीटरवरची ग्रां कोल फेरे खिंड चढायची. वाटेचं एक पाऊलही सुटत नाही, शिवाय एक दिवस पाठीवर हलकी पिशवी. तो रकाना भरला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी माईंना फोन लावला आणि त्यांनीही पहिल्या रिंगला उचलला.

रोजच्या चालीसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा नियम वापरला: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक. फ्रान्समधल्या ले शापिए गावापासून एलिसाबेत्तापर्यंत 15 किलोमीटर आणि हजारेक मीटर चढ, म्हणजे पावणेपाच तास. आम्ही सगळीकडे दीडपट वेळ धरली, म्हणजे इथे सात तास. जेवणाआधी पोचायचं तर निघायचं कधी, हे त्यावरून ठरलं.

तिन्ही देशांना मिळून एकच व्हिसा, आणि त्याचं गणितही रात्रींवरच चालतं. ज्या देशात मुक्काम जास्त, अर्ज त्या देशाकडे. आमच्या फ्रान्समध्ये सहा, इटलीत तीन, स्वित्झर्लंडमध्ये तीन. विमान जिनिव्हाला उतरणार असलं तरी अर्ज फ्रान्सचा, तोही प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत. अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात मुक्कामाच्या बुकिंगच्या एका पत्रावर फक्त माझंच नाव निघालं, माईंचं नाही. ते पुन्हा मागवण्यात आठवडा गेला. प्रत्येक पत्रावर दोघींची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, ते घरीच बघून घ्या. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. पण त्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर आलं तर त्याचं बिल येतं.

सराव पावागडावर. बडोद्यात चढ म्हणाल तर पुलाचा. रविवारी पहाटे निघून चांपानेरपासून पायी वर, पाठीवर सात किलो गहू. उतरताना रोपवे घ्यायचा नाही, कारण खरा सराव उताराचाच हवा होता. मे महिन्यात सातलाच ऊन चटके द्यायचं, म्हणून निघायची वेळ पहाटे चारवर आली.

रेफ्युजमध्ये पांघरूण मिळतं, पण आत घालायची चादरीची पिशवी स्वतःची न्यावी लागते. माईंनी त्यांच्या आजीचं इरकली लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. मधोमध दुमडून दोन बाजू शिवल्या आणि तांबडा काठ गळ्याशी येईल असा राखला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 340 ग्रॅम. खाऊत मेतकूट, दाण्याची चटणी, लीलो चेवडो. तूप आणि पेढे मात्र राहिले. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

ठरल्या दिवशी दुपारी चारला आम्ही एलिसाबेत्ताच्या दारात बूट काढले. आतल्या मुलीने वहीत बोट फिरवत आमचं आडनाव शोधलं, पुढे दोनचा आकडा आणि 'शाकाहारी' असं लिहिलेलं दाखवलं, खूण केली. माईंनी खाटेवर लुगड्याची पिशवी पसरली, आडव्या झाल्या आणि खिडकीतून हिमनदीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, उशी उचलून खाटेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि पुन्हा आडव्या झाल्या.

"आता आला बघ उजव्या हाताला," म्हणाल्या.