‘डोन्ट दे’ की ‘डिडन्ट दे’?

नोकरी सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्यांचा वर्ग मी घेते. त्या दिवशी क्वेश्चन टॅगच्या, म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘हो ना?’ अशा अर्थाने जोडायच्या छोट्या प्रश्नाच्या, चाचणीचे पेपर परत दिले आणि वर्गात लगेच दोन तट पडले. वाक्य अगदी साधं होतं: ‘दे पुट द कीज इन द ड्रॉवर’. काहींनी पुढे ‘डोन्ट दे’ लिहिलं होतं, काहींनी ‘डिडन्ट दे’. मी दोघांनाही पूर्ण गुण दिले होते आणि भांडण त्यावरूनच होतं. एका मुलाने तर सरावपुस्तकाची उत्तरसूची उघडून दाखवली. तिथे एकच उत्तर होतं. (उत्तरसूचीत ‘किंवा’ हा शब्द सापडणं तसं दुर्मीळच.)

हिशेबखात्यात काम करणारे एक काका आहेत, वर्गात सगळ्यांत वडील. एरवी फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, “पण मॅडम, हे वाक्य आहे कधीचं?”

मला हाच प्रश्न हवा होता. टॅग म्हटलं की ‘होकाराला नकार, नकाराला होकार’ एवढंच सगळ्यांना पाठ असतं. तेवढ्यावर भागत नाही. टॅगला साहाय्यक क्रियापद लागतं. इतर काळांत ते वाक्यात समोरच असतं: इज, वॉज, हॅज, हॅड, विल. उचललं, उलटवलं, झालं. साध्या वर्तमानकाळाच्या आणि साध्या भूतकाळाच्या होकारार्थी वाक्यात मात्र ते दिसतच नाही. डू, डज की डिड, हे आपण ठरवायचं, आणि काळ ओळखल्याशिवाय ते ठरत नाही. त्यात ‘पुट’चं भूतकाळी रूपही ‘पुट’च.

फळ्यावर वाक्याच्या शेवटी ‘एव्हरी नाइट’ लिहिलं, एक तट खूश. ते पुसून ‘लास्ट नाइट’ लिहिलं, दुसरा खूश. मग तेही पुसलं आणि ‘दे’च्या जागी ‘ही’ लिहिलं.

“पुटला एस नाहीये,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “वर्तमानकाळ असता तर पुट्स झालं असतं. म्हणजे ‘डिडन्ट ही’च. दुसरं येऊच शकत नाही.”

यानंतर ठरवलेला धडा बाजूलाच राहिला. जो तो दुसऱ्याला अडकवायला वाक्यं शोधू लागला. ‘ही हॅड लंच’ला कुणीतरी ‘हॅडन्ट ही’ लावलं आणि हरला. तिथे हॅड हेच मुख्य क्रियापद, म्हणून ‘डिडन्ट ही’. ‘ही हॅड ईटन’ला मात्र ‘हॅडन्ट ही’ चालतं. ‘ही’ज टायर्ड’ला ‘इझन्ट ही’, ‘ही’ज लेफ्ट’ला ‘हॅझन्ट ही’. ‘दे रीड द पेपर’ने वेगळीच मजा केली: कागदावर दोन्ही टॅग बरोबर, पण वाक्य मोठ्याने वाचलं की रीड आणि रेड वेगळे ऐकू येतात आणि वाद मिटतो.

शेवटी काका खडू मागून फळ्याशी गेले आणि लिहिलं: ‘दे’ड शट द गेट’. त्यातला तो ड म्हणजे हॅड की वुड? हॅडनंतर तिसरं रूप लागतं, वुडनंतर मूळ रूप, आणि शटची दोन्ही सारखीच. म्हणजे ‘हॅडन्ट दे’ही बरोबर, ‘वुडन्ट दे’ही.

हे वाक्य पुढच्या चाचणीत घालायचंच, असं वर्गाने ठरवलं. एकच टॅग लिहिणाऱ्याला अर्धा गुण द्यावा, हा काकांचा आग्रह. मी पूर्णच देणार आहे.