नियम ३१५: खेळाडू म्हणजे कोण?

नॉमिक खेळायला बसलेला माणूस आधी गुणांच्या मागे लागतो. आमचं घोडं मात्र ‘खेळाडू म्हणजे कोण’ इथेच अडलं.

पीटर सूबर या अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा हा खेळ १९८२ मध्ये लोकांपुढे आला. नियम बदलणं हीच यातली चाल. १०१ ते ११६ हे पक्के नियम आणि २०१ ते २१३ कच्चे, असं आम्ही म्हणायचो. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येक बदलाला एकमत लागतं, नंतर साधं बहुमत पुरतं. नियम २०७ म्हणतो, प्रत्येक खेळाडूला एकच मत. पण खेळाडू कोणाला म्हणायचं, हे अख्ख्या यादीत कुठेच नाही.

आम्ही सहा जण व्हॉट्सअ‍ॅपवर खेळत होतो. तिसरी फेरी लागताच आमच्या सीए मैत्रिणीने आणि आणखी एकाने मिळून ‘अ आणि मंडळी’ नावाची भागीदारी काढली आणि ती सातवी खेळाडू म्हणून जाहीर केली. असा खेळ दुरून चालतो तेव्हा पाळी आडनावाच्या अक्षरक्रमाने लागते, म्हणून नाव ‘अ’ने सुरू. वर तिचा मेसेज : “पॅन कार्डातलं चौथं अक्षर बघा. माणसाला पी, एकत्र कुटुंबाला एच, फर्मला एफ. आयकर खात्याला चालतं, तुम्हाला का नाही?”

सातातली तीन मतं दोघांच्या हातात गेली. मी हरकत घेतली. नियम ११६ प्रमाणे ज्याला मनाई नाही त्याला मुभा, असा निकाल न्यायाधीशाने, म्हणजे आधीची पाळी ज्याची त्या खेळाडूने, दिला. तो फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत हवं, आणि बाकी सगळ्यांत ते दोघं आलेच. म्हणजे नवा नियम मांडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

व्याख्येसाठी आधी अगोराकडे पाहिलं. हा ईमेलवरचा नॉमिक १९९३ पासून चालू आहे. तिथे स्वतंत्र विचार सुचून ते मांडू शकणारा जीव म्हणजे व्यक्ती. मधे काही काळ भागीदाऱ्यांनाही व्यक्ती मानलं जाई. ‘स्वतंत्र विचार’ वाचायला झकास वाटतं, पण दर भांडणात न्यायाधीशाने कोणाच्या डोक्यात शिरून बघायचं? शिवाय आमच्यातला एक जण आपले प्रस्ताव सरळ चॅटबॉटकडून लिहून घ्यायचा. आमचा प्रश्न मनाचा नव्हताच, मतांचा होता. म्हणून मी कोरडं वाक्य लिहिलं : ‘खेळाडू म्हणजे अठरा पूर्ण झालेला एक जिवंत माणूस, एका माणसाला दोन खेळाडू होता येणार नाही.’

गणित सोपं होतं. विरोधात तीन ठरलेली, म्हणजे उरलेल्या चौघांनी ‘हो’ म्हणायलाच हवं. वकील मित्र तयार होता. चॅटबॉटवालाही तयार झाला, त्याला यंत्राकडून लिहून घ्यायला बंदी नव्हती ना! चौथा अडून बसला, कारण त्याच्या नववीतल्या लेकीला खेळायचं होतं. रात्री त्याला फोन केला. “अठरा काढ, मत तुझं,” तो म्हणाला. काढलं. खरं तर ती अट मी सवयीनेच घातली होती. ज्याला पाळी समजते आणि मत देता येतं, त्याच्या वयाशी आम्हाला काय घेणं?

चार विरुद्ध तीन. नियम ३१५ मंजूर.

आणि लगेच पुढचा तंटा. नियम २०४ प्रमाणे मंजूर प्रस्तावाच्या विरोधात मत देणाऱ्याला दहा गुण मिळतात. मग फर्मचे दहा कोणाचे? सीए बाईंनी १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४८ चिकटवलं : फर्म मोडली की देणी भागवून उरलेलं भागीदारांत नफ्याच्या प्रमाणात वाटायचं, तेव्हा पाच-पाच द्या. माझ्या आधीची पाळी वकिलाची, म्हणून न्यायाधीश तोच. त्याने नियम १०७ काढला. मतदान पुरं होईपर्यंत बदल लागू होत नाही. म्हणजे मत देताना फर्म खेळाडू होती, दहा गुण तिचेच. पण खेळाडूंमध्ये गुण वाटायचा नियम आपल्याकडे नाही, हवा असेल तर आपल्या पाळीला मांडा.

सीए बाईंची पाळी उद्या आहे. नववीतल्या मुलीला त्यांचा आजच फोन येऊन गेलाय.