अंगणातल्या जीपपासून आमची वाटचाल

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमचे घर आहे आणि घरापुढच्या अंगणात उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा व्यवसाय चालतो. जुन्या जीप मूळ रूपात पुन्हा उभ्या करणे एवढे एकच काम आम्ही करतो आणि वर्षाला दोन, फार तर तीन गाड्या आमच्या हातून पूर्ण होतात. २००८ साली पहिला बोल्ट सोडवला तेव्हा व्यवसायाचा विचारही मनात नव्हता. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९६८ सालची महिंद्रा सीजे-३बी गोठ्याशेजारी सात वर्षे जागेवर उभी होती. ती वजनावर विकून टाकावी असे घरातल्या बहुतेकांचे मत झाले होते, आणि मला ते मान्य नव्हते.

या गाडीला आमच्या भागात ‘उंच बॉनेटची जीप’ म्हणतात. तिच्या आधीच्या, अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपच्या इंजिनात इनटेक (आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारे) असे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य भागात असत. १९५३ साली विलीजने सीजे-३बी आणली तेव्हा तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. भारतात महिंद्राने हेच रूप पुढे कित्येक वर्षे चालवले, आणि म्हणूनच कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या शेतवडीत आजही एखाद्या पडवीत ही गाडी सापडते.

अण्णांच्या गाडीत मात्र हरिकेन उरले नव्हते. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी १९८६ साली तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले होते, आणि तसे करणारे ते एकटे नव्हते. सुदैवाने काढलेले पेट्रोल इंजिन त्यांनी विकले नव्हते. ते गोठ्याच्या माळ्यावर पोत्यांखाली पडून होते आणि त्याच्यावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळत होता. तो जुळला त्या संध्याकाळी आम्ही गाडी पुन्हा पेट्रोलवर, जशी कारखान्यातून आली तशी करायची, असे ठरवले. पुढे आमच्या सगळ्या कामाची दिशा याच निर्णयाने ठरली.

मी त्या वेळी एका फौंड्रीत नोकरीला होतो, त्यामुळे कामाला रविवार आणि रात्रीचे दोन तास एवढाच वेळ मिळत असे. उकलण्याचे काम मला शिकवले ते अण्णांच्या ओळखीच्या एका वृद्ध मेस्त्रींनी. गंजलेल्या बोल्टावर मी पान्याला पाइप लावून जोर द्यायला लागलो की ते हात धरून म्हणायचे, “बोल्ट मोडायला काय, कोणबी मोडतंय. जरा दम धर, उद्या सुटंल.” रात्री डिझेलात भिजवून ठेवायचे, सकाळी गॅसने नट तापवायचा, थोडा घट्ट दिशेने हलवायचा आणि मगच सोडवायचा, ही त्यांची पद्धत आम्ही आजही जशीच्या तशी पाळतो. दुसरी अडचण मापांची होती. विलीजच्या मूळ रचनेतले बोल्ट इंची आट्यांचे, तर मधल्या काळात बसवलेले बरेचसे मिलिमीटरचे निघाले, आणि कुणीतरी इंची आट्यांत एमएमचा बोल्ट जबरदस्तीने फिरवल्याच्या खुणा गाडीभर सापडत गेल्या.

सुट्या भागांची नोंद ठेवण्याची कल्पना माझ्या पत्नीची. तिने प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत घालून त्यावर क्रमांक टाकला आणि कोणता भाग कुठून निघाला, कोणत्या बाजूला किती शिमा (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) होत्या, वॉशर आत होता की बाहेर, हे दोनशे पानी वहीत लिहून ठेवले. पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते त्या किंगपिनखालच्या शिमा वर-खाली बदलल्या तर बेअरिंगावरचा ताण बदलतो आणि स्टिअरिंग एक तर जड होते किंवा वेग वाढला की थरथरते. जोडणीच्या वेळी, म्हणजे चौदा महिन्यांनी, ही गोष्ट केवळ आठवणीवर सांगता आली नसती. आज पत्नी या व्यवसायात बरोबरीची भागीदार आहे आणि प्रत्येक गाडीची तशी वही आम्ही मालकाला गाडीबरोबर देतो.

इंजिनाच्या बाबतीत कोल्हापूरकर असण्याचा मोठा आधार झाला. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडला फेस मारणे, हवी ती बुश लेथवर काढून देणे, हे सगळे शिवाजी उद्यमनगरात काही गल्ल्यांच्या अंतरात होते. हरिकेनचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तीन इंच एक सूत आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, चार इंच तीन सूत. आमचा ब्लॉक चाळीस ओव्हरसाईजमध्ये, म्हणजे बोअर इंचाच्या चाळीस हजारांशाने वाढवल्यावर, साफ निघाला. सर्वांत जास्त वेळ ट्रान्स्फर केसने, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीने घेतला. तिच्यातला मधला गिअर ज्या शाफ्टवर नीडल बेअरिंगांनी फिरतो, तो शाफ्ट झिजला की चालत्या गाडीत घरघर येते, आणि केसमधले त्याचे भोक मोठे झाले की ऑइल गळू लागते. नवा शाफ्ट बाजारात मिळतो, पण भोक वाढलेले असेल तर नुसता शाफ्ट बदलून काही दिवसांतच पुन्हा गळती लागते. आम्ही भोक बोअर करून बुश बसवून घेतली. एकोणीस महिन्यांनी अण्णांनी स्वतः स्टार्टर दाबला आणि गाडी शेताच्या बांधापर्यंत नेली. परत येताना त्यांनी गाडी थांबवली नाही, घरावरून पुढे रंकाळ्यापर्यंत नेली.

ती गाडी पाहून गगनबावड्याकडच्या एका बागायतदारांनी आपली जीप आणून दिली आणि २०११ साली मी नोकरी सोडली. या पहिल्याच बाहेरच्या कामात आमची गंभीर चूक झाली. दिवाळीला गाडी द्यायची म्हणून आम्ही गंज ग्राइंडरने वरवर घासला, उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरली आणि रंग मारला. पुट्टी ओल शोषते, आणि दुपदरी पत्र्याच्या सांध्यात राहिलेला गंज आतून वाढतच असतो. पुढच्या पावसाळ्यात फरशीच्या कडेने आणि मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर रंगाला फोड आले. आम्ही गाडी परत आणली, पाच महिने लावून स्वखर्चाने पुन्हा केली आणि झालेली चूक मालकांना स्पष्ट शब्दांत सांगितली. तेव्हापासून पत्रा पूर्ण उघडा केल्याशिवाय, कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा जोडल्याशिवाय आणि त्यावर आधी इपॉक्सी प्रायमर बसल्याशिवाय आम्ही पुट्टीचा डबा उघडत नाही. चेसिसच्या बंद भागांत मेण फवारतो, आणि फरशीची पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत का हे गाडी देताना मालकाच्या हाताने तपासून घेतो.

इतका खटाटोप करण्यापेक्षा नवी बॉडी आणून का बसवत नाही, असे बरेच ग्राहक विचारतात. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपच्या नव्या बॉड्या तयार होतात आणि कामाचे कित्येक आठवडे त्याने वाचतात, हे खरे आहे. ज्यांना फक्त डोंगरात फिरायला दणकट गाडी हवी आहे, त्यांनी तसे जरूर करावे. पण ज्या पत्र्यावर आजोबांच्या हाताने पाडलेली भोके आहेत, ज्या डॅशबोर्डवर जुन्या पासिंगच्या खुणा आहेत, तो पत्रा टाकून दिल्यावर उरलेल्या गाडीला त्याच घराची गाडी म्हणणे मला पटत नाही. आता कायद्यानेही मूळ रूपाला महत्त्व दिले आहे. २०२१ साली आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. ज्यांना ती शेतावर आणि बाजाराला न्यायची आहे, त्यांना नेहमीच्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरणच सोयीचे पडते. कागद मात्र दोन्हीकडे लागतातच. चेसिस नंबर घासलेली किंवा आरसी बुक नसलेली गाडी कितीही चांगली असली तरी आम्ही अंगणात घेत नाही, आणि त्यासाठी ओळखीची माणसे नाराज झाली तरी तो नियम मोडलेला नाही.

सध्या शेडमध्ये साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांची महिंद्रा एमएम-५४० जीप उघडलेली आहे. तिच्यात प्यूजो या फ्रेंच कंपनीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन असल्याने पाने पुन्हा मिलिमीटरच्या मापाचे काढावे लागले आहेत. चेसिस उघडी झाली आहे, डाव्या बाजूला मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे तो चेसिसला टांगणाऱ्या कडीपाशी, तडा सापडला आहे, आणि वहीत एकशे त्र्याऐंशी नोंदी झाल्या आहेत. मृगाचा पाऊस पडण्याआधी प्रायमर मारून व्हायला हवा, म्हणून या महिन्यात आम्ही दुसरे कोणतेही काम हातात घेतलेले नाही.