तुम्ही विचारलंत म्हणून : जेवायच्या टेबलासमोरचं भाज्यांचं तोंड

घरी नवं कुणी आलं की भिंतीवरचं चित्र बघून जेवायला बसता बसता विचारतंच, "हे भाज्यांचं तोंड इथं का लावलंयत?" आणि लगेच पुढचं, "गंमत म्हणूनच काढलं असेल ना कुणीतरी?"

गंमत आहेच त्यात. पण मी ते लावलंय ते गंमत संपल्यावर जे उरतं त्यासाठी.

हे चित्र जुझेप्पे आर्चिंबोल्दोचं. मिलानचा चित्रकार, १५६२ साली व्हिएन्नाला हाब्सबुर्ग राजघराण्याच्या दरबारात गेला आणि पुढच्याच वर्षी त्यानं चार ऋतू रंगवले. त्यातला हा उन्हाळा. मूळ चित्र व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे. लाकडी फळीवरचं तैलचित्र, उंची जेमतेम ६७ सेंटिमीटर. मी पुस्तकांत पाहून पाहून ते मनात केवढं मोठं करून ठेवलं होतं! प्रत्यक्षात ते आरशाएवढं निघालं. समोर उभं राहिलं की आपलं तोंड आणि त्याचं तोंड एकाच मापाचं.

जवळ जाऊन बघा. गाल म्हणजे पिकलेलं पीच, एका बाजूनं उन्हानं लाल झालेलं. नाक काकडीचं. हनुवटी नाशपतीची. ओठ चेरींचे, आणि त्यांच्यामधून वाटाण्याची उकललेली शेंग दिसते, तिचे दाणे म्हणजे दात. डोळ्याच्या जागी एक काळपट चेरी आहे, तिच्यावर उजेडाचा एवढासा ठिपका. तो बोटानं झाकला की नुसती फळांची रास उरते. बोट काढलं की माणूस परत बघायला लागतो. घरच्या प्रतीवर मी हे कितीदा केलंय!

शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा "हा उन्हाळा" असं सांगितलं की मुलं आंबा शोधायची. आपला उन्हाळा म्हणजे भेगाळलेलं रान. तिकडचा उन्हाळा म्हणजे गहू कापणीला येतो तो काळ. म्हणून मी मुलांना "ही त्यांची सुगी" असं सांगायला लागले, मग त्यांना अंगावरचा कपडा दिसायचा. तो सगळा गव्हाच्या काडाचा आणि ओंब्यांचा आहे. कॉलर तर काड्या विणून केलेली, आणि त्या विणीतच चित्रकाराचं नाव. खांद्यावर तसंच १५६३ साल. बाकीचे चित्रकार कोपऱ्यात सही करतात, यानं आपलं नाव कापणीच्या काडात विणलं. माझ्या मते अख्ख्या चित्रातली सगळ्यात सुंदर जागा ती.

कान मक्याच्या कणसाचा आहे. मका अमेरिकेतून युरोपात येऊन तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. वांगंही आहे, ते आपल्या बाजूचं, आशियातलं. दरबारात तेव्हा जगभरची झाडं, फळं, प्राणी गोळा करून त्यांचा अभ्यास चालायचा. त्या अभ्यासाची शिस्त इथं दिसते, एकही भाजी अंदाजानं काढलेली नाही.

आता गंमतीचं. १५६९ च्या नववर्षदिनी हे ऋतू आणि त्यांच्या जोडीची चार महाभूतांची (हवा, अग्नी, पृथ्वी, पाणी) चित्रं सम्राट दुसऱ्या माक्सिमिलियानला भेट दिली गेली. सोबत फाँतेओ नावाच्या विद्वानाची कविता होती. तिचा भाव असा की ऋतू आणि महाभूतं सम्राटाच्या सेवेत आहेत, आणि ऋतू जसे फिरून फिरून येतात तसं हे राजघराणंही टिकेल. उन्हाळ्याची जोडी अग्नीशी. राजघराण्याच्या टिकण्याबद्दलची ती स्तुती मला जुनी वाटते. पण पीच, मका, लसूण यांतलं कुणीही आपलं रूप न सोडता एक चेहरा होतं, हे मला दर जेवणाला नवं वाटतं.

आर्चिंबोल्दोच्या मृत्यूनंतर लोक त्याला जवळजवळ विसरले. १९३६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्नातल्यासारखी अजब चित्रं काढणाऱ्यांच्या, प्रदर्शनात त्याची आठवण पुन्हा निघाली.

शेजारची चौकट शरद ऋतूची. द्राक्षांचे केस, कानात अंजिराचा डूल, अंग म्हणजे लाकडी पिंप. १५६३ च्या संचातला शरद हरवलाय; हा त्यानं दहा वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या संचातला, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला. त्याचं ओठांच्या जागचं चेस्टनटचं काटेरी बोंड जरा जवळ जाऊन बघा. वरण निवेपर्यंत वेळ आहे.