भंगारातला डिझेल व्हीजीटी पेट्रोल इंजिनाला लावण्याआधी

पसरणी घाटात दुसऱ्या गिअरला दोन हजार आरपीएमवर वळण काढलं की मोठा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या (जळालेल्या) गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हमखास झोपतो. म्हणून साताऱ्याच्या गॅरेजांत हा विषय फिरून फिरून निघतो: डिझेल स्कॉर्पिओचा व्हीजीटी (गॅसची वाट लहान-मोठी करणारा टर्बो) भंगारात मिळतो, तोच पेट्रोलला का लावू नये? लावता येतो. टिकत नाही, एवढंच.

व्हीजीटीत टर्बाइनच्या, म्हणजे गॅसने फिरणाऱ्या, चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की वाट अरुंद होते, गॅसचा वेग वाढतो आणि बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) लवकर येतो. पण डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. जोरात चाललेल्या पेट्रोलचा ९५० ते १०५०. पाती आणि बाजूची भिंत यांत फट केसभरच. एवढ्या उष्णतेत धातू फुगतो, पाती आवळतात. मिटलेल्या स्थितीत अडकली तर बूस्ट आवरत नाही, कारण या टर्बोला बहुधा वेस्टगेटच, म्हणजे जादा गॅस बाहेर सोडणारी झडपच, नसते. फट मुद्दाम वाढवावी, तर गॅस बाजूने निसटतो आणि खालचा पिकअप, ज्यासाठी सगळा खटाटोप, तोच जातो.

पोर्शेने २००६च्या ९११ टर्बोत बोर्गवॉर्नरचा असा टर्बो दिला, तो महागड्या उष्णतारोधक मिश्रधातूंच्या जोरावर. फोक्सवॅगनने १.५ टीएसआय इव्हो या पेट्रोल इंजिनाच्या एका आवृत्तीत उलटी वाट धरली: मिलर सायकल (इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद करण्याची पद्धत) वापरून एक्झॉस्टच ८८० अंशांच्या आत ठेवला. मला ही दुसरी वाट जास्त हुशारीची वाटते.

तरीही प्रोजेक्ट कारवर करायचंच असेल, तर आधी ॲक्च्युएटर, म्हणजे पाती हलवणारा भाग, बघा. व्हॅक्यूमवाला असेल तर तो व्हॅक्यूमने पाती मिटवतो. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पेट्रोलच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) बूस्ट आला की व्हॅक्यूम गायब, म्हणजे नेमका हवा तेव्हा नाही. पंप आणि छोटी टाकी जोडावीच लागते. इलेक्ट्रॉनिक असेल तर ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) सिग्नल कुठून आणणार, ते आधी ठरवा. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने दांडी ओढून पाहा: अडखळली, तर तो टर्बो तिथेच ठेवा.

दुसरी गोष्ट मागचा दाब, म्हणजे टर्बाइनच्या आधी कोंडलेल्या गॅसचा दाब. टर्बाइनच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून लांब स्टीलच्या नळीने गेज लावा, शेजारी तापमान मोजणारा के टाइप थर्मोकपल. पाती जास्त मिटली की जळालेला गॅस सिलिंडरमध्येच अडकतो, पुढचा चार्ज (आत येणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण) तापतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोकठोक, सुरू होतं. डिझेलला नॉकिंगची ही भीती नसते, म्हणून तिथे हे खपून जातं. मागचा दाब बूस्टच्या दुप्पट झाला की पाती उघडा. नॉकिंग थांबवायला टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतलं तर एक्झॉस्ट आणखी तापतो, हे विसरू नका. मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) करून बूस्ट कमी करा.

पाती किती मिटावीत ते ठरवणारा स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नका. तो कारखान्यात फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) लावलेला असतो, नुसत्या पान्याने पुन्हा जागेवर येत नाही.