दुसऱ्या गिअरचा घाट

घाटात मोटरसायकल चालवण्याचे फोटो नेहमी वळणाच्या ऐन मध्यावर काढलेले असतात. गाडी झुकलेली, गुडघा बाहेर, मागे हिरवी दरी. गप्पाही त्याच. कोण किती वाकला, कुणाचं फूटरेस्ट रस्त्याला घासलं. पण वळणाच्या मध्यावर चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरलेलंच नसतं. वेग ठरून गेलेला असतो, गिअर पडलेला असतो, गाडी वळणात कुठून शिरली तेही होऊन गेलेलं असतं. घाटातलं काय ते कसब वळणाआधीच्या वीस-पंचवीस मीटरांत खर्ची पडतं, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. काढला तरी त्यात एक माणूस सरळ बसून ब्रेक दाबताना दिसेल.

मुळात घाट वळतात ते चाकांसाठी. माणूस आणि लदलेला बैल डोंगर बऱ्यापैकी सरळ चढतात. जुन्नरजवळचा नाणेघाट तर जवळजवळ जिनाच आहे. चाकाला मात्र चढ सौम्य लागतो, म्हणून रस्ता लांबवत न्यायचा आणि जागा संपली की उलटा फिरवायचा. अशा उलट्या फिरणाऱ्या वळणाचं माप आपल्याकडच्या रस्ते-अभियंत्यांच्या नियमांत दिलेलं आहे: आतल्या बाजूची त्रिज्या किमान १४ मीटर, वेग ताशी २० किलोमीटर धरलेला. वीस! घाटात पाटी दिसते तो आकडा कुणा भित्र्या कारकुनानं टाकलेला नसतो. १४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० ला गाडी सुमारे १३ अंश झुकते. ३० ला २७ अंश, आणि ४० ला थेट ४२. वेग दुप्पट केला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, त्याचा हा हिशेब. रोजच्या वापरातल्या गाडीचं फूटरेस्ट ४२ अंशांच्या आधीच जमिनीला टेकतं, आणि टायरखाली थोडी खडी असेल तर तिथवर पोचायची वेळच येत नाही.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट या सगळ्याचा नमुना म्हणून घ्यावा. वर उंची सुमारे १,३५० मीटर, खाली पोलादपूर सावित्रीच्या काठी, समुद्रसपाटीच्या जवळपास. मधे चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, वाटेत प्रतापगडाचा फाटा. दीडशे सीसीची गाडी, वर दोन माणसं आणि एक सॅक असं सगळं मिळून तीनशे किलो धरा. हे वजन तेराशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात अकरा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ती कुठेतरी गेलीच पाहिजे. थोडी वाऱ्यात जाते. उरलेली इंजिनात जिरवायची की ब्रेकमध्ये, एवढंच ठरवणं आपल्या हातात असतं.

जुने ट्रक ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. याहून चांगला नियम अजून कुणी काढलेला नाही. आंबेनळीत त्याचा अर्थ बहुतेक वेळ दुसरा, सरळ तुकड्यांवर तिसरा, आणि अगदी गच्च वळणात पहिला. रेस पूर्ण सोडली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. आवाज वाढतो, बसणाऱ्याला वाटतं गाडी रडतेय. रडू द्या, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर तिला काही होत नाही. गिअर मात्र वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना पाडायचा, आणि क्लच हळू सोडायचा. झटक्यात सोडला तर मागचं चाक क्षणभर अडकतं आणि ओल्या रस्त्यावर बाजूला सरकतं.

पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे लोक अजून आहेत. २०२० नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गिअरमध्ये, रेस बंद ठेवून उतरताना त्या इंजिनाला पेट्रोल देणं थांबवतात, कारण चाकच इंजिन फिरवत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जात राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त पेट्रोल जाळतो आणि वर ब्रेकही जाळतो. स्कूटरचं दुखणं वेगळं. वेग फार कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि ती मोकळी घरंगळू लागते. तिथे सगळा भार ब्रेकवरच, म्हणून स्कूटरवाल्यानं घाटात मधे दोनदा तरी थांबावं.

ब्रेकचं काय बिघडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की लायनर तापतात आणि पकड सोडतात. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही, जळका वास येतो. डिस्कची गोष्ट जरा लबाड. तिच्यातलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरलेलं तेच ऑइल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर मऊ लागते आणि थेट मुठीला येऊन टेकते. सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षं ठणठणीत वाटलेला ब्रेक घाटात असा दगा देतो. उपाय साधा आणि स्वस्त: दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. आणि घाटात ब्रेक चोरट्यासारखा हळूहळू घासत ठेवायचा नाही. वळणाआधी ठामपणे दाबून वेग पाडायचा, मग पूर्ण सोडून द्यायचा, म्हणजे डिस्कला मधे वारा लागतो.

पुढचा ब्रेक की मागचा, हा वाद चहाच्या टपरीवर कधी संपत नाही. गाडी सरळ असताना पुढचा जास्त, मागचा साथीला. उतारावर वजन पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे मागचं चाक लवकर घसरतं. हँडल वळलेलं असताना, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली असताना मात्र पुढच्या लिव्हरला हात लावू नये. गच्च वळणात पडणाऱ्या गाड्या बऱ्याचदा अशाच, पाच-दहाच्या वेगात, लोकांसमोर पडतात. तिथे मागचा ब्रेक हलका धरून ठेवला की गाडी कशी शहाण्यासारखी फिरते.

आपण डावीकडून चालतो, म्हणून डावं आणि उजवं वळण हे दोन वेगळे प्रकार. डावं वळण आतल्या बाजूचं, म्हणजे त्रिज्या लहान. चढताना तर आतल्या कडेला चढ अचानक खडा होतो. दुसऱ्या गिअरात शिरलेली गाडी तिथे हुंदके देत बंद पडते आणि मागे घरंगळते. आधीच पहिला टाका, आतल्या कडेला चिकटू नका, पण मधली पट्टीही ओलांडू नका. उजवं वळण बाहेरून, मोठं आणि दिलदार वाटतं. त्याची खोड अशी की टायर मधल्या पट्टीच्या फूटभर अलीकडे असला, तरी झुकलेल्या माणसाचं डोकं पट्टीच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि समोरून पिकअप येतो तो पट्टी घासतच. उजव्या वळणात चाक लेनच्या डाव्या अर्ध्यात ठेवावं. अगदी कडेला मात्र नको, वाहून आलेली खडी तिथेच साचते.

नजर कुठे ठेवायची? रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तिथे. ती जागा आपल्यासोबत पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. ती जागच्या जागी थांबली आणि आपणच तिच्याजवळ जाऊ लागलो, तर वळण आवळतंय. वेग आत्ताच कमी करायचा. कठड्याकडे, दरीकडे किंवा समोरच्या खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी तिकडेच जाते. वेग जास्त झालाय हे आत शिरल्यावर कळलं, तर माणूस घाबरून पुढचा ब्रेक आवळतो. गाडी उभी होते आणि सरळ जाते, म्हणजे नेमकी जायला नको तिथे. त्यापेक्षा मान वळवून रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे बघा आणि डाव्या वळणात डावी मूठ, उजव्या वळणात उजवी मूठ हलकेच पुढे रेटा. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी त्यानंच आणखी झुकते.

आता एसटी. एवढी लांब गाडी गच्च डाव्या वळणात शिरायची तर आधी उजवीकडे जाणारच. समोरून येणाऱ्यानं वळणाच्या अलीकडेच थांबून तिला सगळा रस्ता द्यावा. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियमही आहे आणि शहाणपणही, कारण भरलेली बस चढावर थांबली की पुन्हा उचलताना ड्रायव्हरचे हाल होतात. मागे असाल तर आणखी जपा. बस उजवीकडे गेली की डाव्या हाताला मस्त मोकळी जागा दिसते. दोनच क्षण. मग बसची मागची चाकं आत कापत येतात आणि ती जागा नाहीशी होते.

पावसाळ्यातला घाट हा स्वतंत्र विषय. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता खचून बंद पडला होता, आणि भोर-महाडचा वरंधा पावसात बंद ठेवल्याच्या बातम्या तर नेहमीच्या. पण भरपावसापेक्षा पहिल्या सरीचा रस्ता जास्त निसरडा, कारण उन्हाळाभर मुरलेलं ऑइल आणि धूळ वर येऊन तरंगतात. ट्रकच्या काठोकाठ भरलेल्या टाकीतलं डिझेल वळणावर हिंदकळून सांडतं. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले की तिथे ना ब्रेक, ना झुकणं. डोंगराकडच्या सावलीत शेवाळ, रंगवलेल्या पट्ट्यांवर चाक साबणासारखं सरकतं. धुक्यात अपर लावू नये, प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर, डाव्या पांढऱ्या रेघेच्या आधारानं जावं.

निघण्याआधी टायर गार असताना हवा बघायची. दीडशे सीसीला साधारण पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८, डबलसीट ३२. नक्की आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो. वाटेत तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून सोडू नये. चेन फार सैल असेल तर रेस सोडता-देताना गाडी धक्के खाते, आणि हे नेमकं वळणात होतं. मागे बसणाऱ्याला एकच सांगावं: वळण ज्या बाजूचं, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघ. बाकी काही शिकवलं तर तो जास्तच मदत करायला जातो.

पोलादपूरला चहाला थांबाल तेव्हा डिस्क चटका देईल इतकी तापलेली असते. गाडी धुवायच्या उत्साहात तिच्यावर गार पाणी मारू नका. डिस्क वाकडी झाली तर पुढे प्रत्येक ब्रेकला लिव्हर हाताखाली थडथडत राहते. पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग लिव्हर दोनदा दाबून बघा. दाब घाटमाथ्यावर होता तेवढाच लागला तर निघा. मऊ लागला तर आधी गॅरेज शोधा. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीकडे वळायचं ते त्यानंतर.