हलक्या डेस्कटॉपवर गेल्याने लॅपटॉप पळायला लागतो का?

"तुमचा लॅपटॉप तर चांगला धडधाकट आहे, मग तुम्ही एक्सएफसीई का वापरता?" लिनक्स वापरणारे मला हे हमखास विचारतात. एक्सएफसीई हा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा एक हलका डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू आणि पॅनल दाखवणारा भाग. नुकतेच लिनक्सकडे वळलेले लोक उलट बाजूने विचारतात: "माझं मशीन रखडतंय, हलका डेस्कटॉप टाकला तर पळेल का?" दोन्ही प्रश्नांच्या मागे समजूत एकच असते, की हलका डेस्कटॉप म्हणजे रॅमची बचत आणि रॅमची बचत म्हणजे वेग. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रॅम वाचते हे खरंच आहे. पण मी तिच्यासाठी एक्सएफसीईवर गेले नाही, आणि बऱ्याच जणांना त्या बचतीने काडीचाही फरक पडत नाही.

आधी हिशोब. नुकतंच लॉगिन केलंय, अजून काही उघडलेलं नाही, अशा वेळी ग्नोम (हा दुसरा, जडसर डेस्कटॉप) साधारण 1 ते 1.5 जीबी रॅम घेऊन बसलेलं असतं. एक्सएफसीई 500 ते 800 एमबीच्या आसपास. डिस्ट्रोनुसार, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच टाकलाय त्यानुसार, हे आकडे वरखाली होतात, पण अंतर बहुधा अर्ध्या-पाऊण जीबीचं राहतं. आता ब्राउझर उघडा. एका टॅबमध्ये मेल, एकात व्हिडिओ, एकात ऑनलाइन स्प्रेडशीट. वाचवलेलं सगळं तिथेच खर्ची पडलं! 16 जीबीच्या मशीनवर याची कुणाला दखलही घ्यावी लागत नाही. 2 जीबीच्या मशीनवर मात्र तेवढ्या अर्ध्या जीबीवरच सगळा खेळ असतो. रॅम संपली की लिनक्स स्वॅपचा, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेचा, आधार घेतं, आणि स्वॅप जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर माउसचा बाणसुद्धा जागच्या जागी थिजतो. अशा मशीनचे मालक मला विचारतात तेव्हा मी आधी एसएसडी टाकायला सांगते, मग झेडरॅम चालू करायला. झेडरॅम म्हणजे रॅमचाच एक भाग घेऊन त्यात डेटा दाबून ठेवायचा, म्हणजे डिस्ककडे धाव घ्यायची वेळ उशिरा येते. डेस्कटॉपचं नाव मी त्यानंतर काढते.

आणि कृपा करून रॅमचा हिशोब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडमधला 'फ्री'चा रकाना बघून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स वाया घालवत नाही. वाचलेल्या फाइली त्यात जपून ठेवतं आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडतं. बघायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना. दोन डेस्कटॉपची तुलना करताना निम्मे लोक चुकीचा रकाना वाचून भांडत असतात.

हलका डेस्कटॉप खरी कमाल दाखवतो ती ग्राफिक्सच्या बाबतीत, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ग्नोममध्ये पडद्यावरची प्रत्येक हालचाल ग्राफिक्स चिपच्या थ्रीडी क्षमतेवर काढली जाते. चिप आणि तिचा ड्रायव्हर ठीक असेल तर ते अगदी लोण्यासारखं चालतं, कधीकधी हलक्या डेस्कटॉपपेक्षाही सफाईदार. पण ड्रायव्हर नसेल, किंवा चिप फारच जुनी असेल, तर तेच चित्र प्रोसेसरला काढावं लागतं. तुमच्याकडे असं होतंय का ते कळायला सोपं आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडा आणि ग्राफिक्सपुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर समजा, की मेनू उघडण्यासाठीसुद्धा प्रोसेसर राबतोय. अशा मशीनवर एक्सएफसीई टाकून 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधल्या शेवटच्या टॅबवर जायचं आणि कंपोझिटिंगची, म्हणजे खिडक्यांना असे दृश्य परिणाम देण्याच्या सोयीची, खूण काढून टाकायची. सावल्या जातात, पारदर्शकता जाते, व्हिडिओत अधूनमधून आडवी चीर दिसू शकते. पण खिडकी ओढली की ती हाताबरोबर येते. "मशीन पळायला लागलं" असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा या खुणेमुळे, रॅममुळे नव्हे.

माझ्या लॅपटॉपला यातला कुठलाच त्रास नव्हता. मी गेले ते बदलांना कंटाळून.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. त्यांचा विचार स्पष्ट आहे: डेस्कटॉप कसा असावा हे आम्ही ठरवू, तुम्ही त्याची सवय करून घ्या. मार्च 2021 मध्ये ग्नोम 40 आलं आणि उभ्या रांगेतले वर्कस्पेस (खिडक्या वाटून ठेवायचे वेगवेगळे पडदे) आडवे झाले. ज्यांना हे रुचत नाही ते एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकतात, पण एक्स्टेन्शन कुठल्या आवृत्तीवर चालेल हे त्याच्या लेखकाला नोंदवावं लागतं. नवी आवृत्ती आली आणि लेखकाने लक्ष घातलं नाही, की ते बंद. रोज हाताशी लागणारा डबा कुणीतरी परस्पर वरच्या फळीवर ठेवावा, तसं दर सहामाहीला व्हायचं. ग्नोमची रचना वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी आजही तेच दाखवीन. पण माझ्या हातांना लागलेल्या सवयी मला मोडायच्या नव्हत्या.

एक्सएफसीईचा कारभार उलटा. ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी 1996 मध्ये हा प्रकल्प सुरू केला, आणि तेव्हापासून त्याला घाई म्हणून नाही. त्याची 4.12 ही आवृत्ती आली फेब्रुवारी 2015 मध्ये, 4.14 ऑगस्ट 2019 मध्ये. मधली साडेचार वर्षं लोक "प्रकल्प मेला का?" म्हणून विचारत होते आणि माझ्यासारखे लोक आनंदात होते. खालचं पॅनल ग्नोमसारखं आपलं आपण हलत नाही. हलवायचं तर आपणच हलवायचं.

या वाटेने जाणारी मी काही पहिली नाही. 2011 मध्ये ग्नोम 3 आलं तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईवर गेले होते. ग्नोम 2 च्या मानाने ही एक पायरी खाली, पण ग्नोम 3 पेक्षा पुष्कळच वर, असं त्यांचं मत होतं. पुढे ते ग्नोमवर परतलेसुद्धा, हेही सांगायला हवं, कारण एक्सएफसीईवाले गोष्टीचा हा उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरतात.

आता गैरसोयी, म्हणजे नंतर मला बोल लावू नका. कित्येक थीममध्ये खिडकीची कड इतकी बारीक असते की आकार बदलायला ती माउसने पकडताना जीव मेटाकुटीला येतो. त्यावरचा उपाय म्हणजे ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही उजवं बटण धरायचं आणि ओढायचं. एकदा हे अंगवळणी पडलं की कडेकडे कुणी फिरकत नाही, पण नव्या माणसाला हे सुचणार कसं? टचपॅडवर तीन बोटांनी वर्कस्पेस बदलायची सवय असेल तर ती विसरा किंवा वेगळा प्रोग्रॅम टाका. फाइल मॅनेजर थुनार मला मनापासून आवडतो: ढीगभर फोटो निवडून एफ-2 दाबलं की सगळ्यांची नावं एकदम बदलायची खिडकी उघडते. पण त्याच थुनारमध्ये चुकून हलवलेली फाइल 'अनडू' करून परत आणायची सोय डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे 4.18 मध्ये आली. वेलँडचा (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीचा) पाठिंबा डिसेंबर 2024 च्या 4.20 मध्ये आला, तोही प्रायोगिक म्हणून.

मराठी लिहिणाऱ्यांचं आणखी एक. आयबस हा वेगवेगळ्या भाषांत टंकायला मदत करणारा प्रोग्रॅम ग्नोम स्वतःच सांभाळतं. सेटिंग्जमध्ये मराठी निवडलं की झालं. एक्सएफसीईमध्ये इनस्क्रिप्टवाले (देवनागरीचा ठरलेला कीबोर्ड वापरणारे) निश्चिंत असतात, कारण कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडला की टंकायला सुरुवात करता येते. रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारी पद्धत वापरत असाल तर मात्र आयबस हाताने टाकून तो लॉगिनबरोबर सुरू होईल अशी व्यवस्था करावी लागते. हे केलं नाही तर पहिल्याच दिवशी "मराठी गेलं" म्हणून तुम्ही ग्नोमवर परताल.

करून बघायला सगळं पुसायची गरज नाही. डेबियन किंवा उबंटू या डिस्ट्रोंवर एक्सएफसीईचं पॅकेज टाकलं की लॉगिनच्या पडद्यावर सेशन, म्हणजे कुठला डेस्कटॉप सुरू करायचा ते, निवडता येतं. मात्र ते आपल्या रोजच्या खात्यावर न करता एक नवं वापरकर्ता खातं काढून त्यात करावं. डेस्कटॉपच्या सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींत राहतात आणि एकाच घरात दोन डेस्कटॉप नांदले की थीम, सूचना, पासवर्डची तिजोरी यांची सरमिसळ होते. मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर, दोन-दोन टर्मिनल दिसायला लागतात आणि माणूस उगाच एक्सएफसीईलाच अजागळ ठरवतो.

याहून हलकं हवं असेल तर एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप आहे, उबंटूचं हलकं रूप असलेलं लुबंटू 18.10 पासून त्याच्यावरच चालतं. जुन्या ग्नोम 2 ची ओढ असेल तर त्याच्याच कोडवरून 2011 मध्ये सुरू झालेलं माते आहे. ओपनबॉक्स किंवा आय-3 असा नुसता खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम घेऊन बाकीचं सगळं हाताने जोडणारेही आहेत, पण त्यांना माझा सल्ला लागत नाही. केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप जड असतो ही मात्र आता जुनी अफवा झाली. बलू हा फाइलींची अनुक्रमणिका करणारा प्रोग्रॅम बंद केला तर ते बऱ्यापैकी आटोपशीर चालतं.

माझ्या दुसऱ्या, कामाच्या मशीनला 4के मॉनिटर जोडलेला असतो आणि त्यावर अक्षरं दीडपट करून लागतात. एक्सएफसीई एकपट-दुप्पट नीट करतं, दीडपटीला अडखळतं. म्हणून तिथे मी प्लाझ्माच ठेवलंय.